निम्म्या किमतीची पुस्तकं

धुळ्याला मावशीकडे मे महिन्यात गेलो की माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरवायचा कार्यक्रम ठरलेला असतो. (मावशी हे वाचणार आहे, तेव्हा ट्रंकेबद्दल जपून लिहितो.) तीत दरवर्षी काहीतरी सापडतं. जुने रेशनकार्ड, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, एकदा तर आजोबांचा चष्मा निघाला होता. यावेळी निघालं माझंच एक पुस्तक. कॉस्ट अकाउंटिंगचं, जाडजूड, पाठीवर कापडी पट्टी चिकटवलेलं. उघडलं तर आत जांभळा शिक्का: 'बुक बँक'. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर ओळीने सहा नावं, सहा वर्षं. सहावं नाव माझं. त्यापुढच्या 'परत केल्याची तारीख' या रकान्यात काहीच नाही.

म्हणजे हे पुस्तक मी परत केलेलंच नाही!

मावशी म्हणाली, "आता तीस-पस्तीस वर्षांनी काय त्याचं!" खरं आहे. पण ते पुस्तक मी जळगावला घेऊन आलो आणि गेले काही आठवडे या पाठ्यपुस्तकांच्या व्यवहाराचाच विचार डोक्यात चालू आहे. पुस्तक स्वस्त कसं होतं, कोणामुळे होतं, आणि ते पुन्हा महाग कोण करतं... त्या शेवटच्या प्रश्नाचं एक छोटंसं उत्तर त्या चिठ्ठीवर सहाव्या ओळीत आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

आमच्या पिढीला 'बालभारती' ही गोष्ट सूर्य-चंद्रासारखी आपोआप असलेली वाटायची. ती तशी नव्हती. त्याआधी शिक्षणखात्याने मान्य केलेली निरनिराळ्या प्रकाशकांची पुस्तकं शाळा आपापल्या पसंतीने लावत. अत्र्यांची 'नवयुग वाचनमाला' ही त्यातली गाजलेली. वडील सांगत की एका गावच्या शाळेतून दुसऱ्या गावच्या शाळेत नाव घातलं की काही पुस्तकं नव्याने घ्यावी लागायची. पुस्तक चांगलं असो की वाईट, त्याचा बाजार लहान असायचा, आणि जुनं पुस्तक विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक गावातच शोधावं लागे.

कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ मध्ये देशभरातल्या शिक्षणाचा जो आढावा घेतला, त्यात पाठ्यपुस्तकांच्या दर्जावर आणि किमतीवर बरंच लिहिलेलं आहे. त्यानंतर २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ स्थापन झालं. इतकं लांबलचक नाव कोण घेणार? पहिल्या पुस्तकाचं नाव 'बालभारती', तेच मंडळाला चिकटलं.

याकडे मी शिक्षणाच्या बाजूने नाही, खरेदीच्या बाजूने बघतो आहे. (कॉमर्सचा विद्यार्थी, दुसरं काय करणार.) मंडळाने काय केलं? कागद स्वतः, एकगठ्ठा, टेंडर काढून घ्यायचा. छपाई वेगवेगळ्या छापखान्यांना ठरलेल्या दराने वाटून द्यायची. लेखन, चित्रं, जुळणी यांचा खर्च एकदाच, आणि तो भागायचा लाखो प्रतींवर. त्यातून किंमत उतरते. दहा वर्षांपूर्वी एलईडी बल्बच्या बाबतीत हेच आपण डोळ्यांदेखत पाहिलं. केंद्राच्या ईईएसएल कंपनीने देशभरासाठी एकत्र खरेदी सुरू केली तेव्हा, २०१४ साली, कंपनीला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता. २०१६ मध्ये तोच ३८ रुपयांवर आला. वस्तू कशी हवी ते नेमकं ठरवायचं, गरज एकत्र करायची आणि उघड टेंडर काढायचं. यात जादू काही नाही.

पण माझ्या मते बालभारतीने केलेली खरी बचत छापील किमतीत नव्हती. ती होती पुस्तक *एकच* असण्यात. चोपड्याचं भूगोलाचं पुस्तक चंद्रपूरला चालतं. म्हणजेच एका मुलाचं वापरून झालेलं पुस्तक राज्यातल्या कुठल्याही मराठी शाळेतल्या मुलाला चालतं. सरकारला अशी काही योजना आखायची होती की नाही देव जाणे, पण लोकांनी त्यातून स्वतःचा बाजार उभा केला. नवं पुस्तक पूर्ण किमतीला, एक वर्ष वापरलेलं निम्म्या किमतीला, आणि दोन वर्षं वापरलेलं असलं तर पाव किमतीला, किंवा सरळ "घेऊन जा, पण पुढच्याला दे" असं. या दराचा शासन निर्णय कधी निघाला नाही, तरी जळगाव-धुळ्यात आमच्या ओळखीत तो सगळ्यांना पाठ होता.

आमच्या घरातली साखळी अशी: धुळ्याची मावसबहीण, आम्ही सगळे तिला माई म्हणतो, ती माझ्यापुढे दोन इयत्ता. तिची पुस्तकं मे महिन्यात एसटीने फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल करत जळगावला येत. इथे आधी माझी ताई, मग मी, मग धाकटा भाऊ, आणि त्यानंतर आमच्या आळीतला एक मुलगा. वडील रविवारी दुपारी अंगणात बसून सैल झालेली जुजबंदी दाभणाने पुन्हा शिवत. आई कणकेची खळ करून देई. वरून 'गावकरी'च्या अंकाचं कव्हर. पुस्तकात पेनने लिहिलं तर मार बसे, पेन्सिलने लिहिलं तर नुसती ओरड, कारण पेन्सिल खोडता येते. माईने मात्र इतिहासाच्या पुस्तकातल्या सगळ्या राजांना गॉगल काढले होते, तेही बॉलपेनने. ते गॉगल चार मुलांनी पाहिले. (माई, तू आता मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालीस तरी हे जगाला कळायलाच हवं होतं.)

अभ्यासक्रम बदलला की त्या वर्षी साखळी तुटायची. आईच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसे. चार मुलांची नवी पुस्तकं एकदम म्हणजे जूनमध्ये हातात रोख पैसा हवा. आणि आमच्याकडे, आमच्याकडेच काय सगळ्या खानदेशात, रोख पैसा म्हणजे कापूस. इथे सरकारी खरेदीचं दुसरं तोंड दिसतं. १९७२च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार योजना आली. शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच घालायचा. भाव ठरलेला, पण पैसे हप्त्या-हप्त्याने. चुकारा कधी येणार, हा प्रश्न आमच्या काकांच्या तोंडी बारा महिने असे. म्हणजे बघा, आमच्या घरात कापूस विकला जायचा सरकारला आणि पुस्तक विकत घेतलं जायचं सरकारकडून. एकात सरकार एकटंच गिऱ्हाईक, दुसऱ्यात सरकार एकटाच दुकानदार. कापसाची योजना तोट्यात बुडत गेली आणि २००२नंतर तिचा एकाधिकार उरला नाही. पुस्तकाची योजना मात्र टिकली. यामागची कारणं पुष्कळ आहेत आणि कापसावर कधीतरी वेगळं लिहीन. पण एक फरक साधा आहे. कापसाचा भाव बाजारात रोज हलतो. तिसरीच्या गणिताच्या पुस्तकाची गरज हलत नाही, पहिलीच्या पटावरून ती दोन वर्षं आधी मोजता येते. सरकारने एकगठ्ठा खरेदी करावी ती अशा वस्तूंची, असं माझं मत होत चाललं आहे.

असो. शाळेचं झालं. कॉलेजची गोष्ट वेगळी.

खानदेशात कॉलेजच उशिरा आलं. जळगावचं मूळजी जेठा कॉलेज आणि अंमळनेरचं प्रताप कॉलेज ही दोन्ही १९४०च्या दशकाच्या मध्यावरची. त्याआधी मॅट्रिकनंतर शिकायचं तर नाशिक, पुणे किंवा मुंबई. कॉलेजच्या पुस्तकांना बालभारती नाही. लेखक वेगळे, प्रकाशक वेगळे, विज्ञानाची बरीचशी पुस्तकं परदेशी. ती आपल्याला परवडली तीसुद्धा दुसऱ्या देशांच्या सरकारांनी पदरचे पैसे घातले म्हणून, हे आता कुणाच्या लक्षातही नसेल. ब्रिटिश सरकारच्या मदतीने निघणाऱ्या 'ईएलबीएस'च्या स्वस्त आवृत्त्या १९९७ पर्यंत येत होत्या. सर्जरीचं बेली अँड लव्ह आपल्या कित्येक डॉक्टरांनी त्याच आवृत्तीत वाचलं. रशियाची 'मीर'ची गणित-भौतिकाची पुस्तकं तर इतकी स्वस्त की गणित न समजणारेही विकत घेत. सोव्हिएत युनियन १९९१ साली संपलं आणि तो झराही आटला.

ज्यांना तीही परवडत नव्हती त्यांच्यासाठी बुक बँक. विद्यापीठ अनुदान आयोग त्यासाठी कॉलेजांना अनुदान देई. १९७५च्या वीस कलमी कार्यक्रमात विद्यार्थ्यांना पुस्तकं-वह्या माफक दरात मिळाव्यात असं एक कलम होतं, त्यानंतर या कपाटांना आणखी जोर आला. पुढे अनुसूचित जाती-जमातींच्या वैद्यकीय आणि इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी केंद्राची वेगळी बुक बँक योजना आली. तिचा नियम मला फार आवडतो: दोन विद्यार्थ्यांमागे एक सेट आणि सेटचं आयुष्य तीन वर्षं. सरकारी कागदात वस्तूची *किंमत* नेहमी लिहिलेली असते. वस्तूचं *आयुष्य* लिहिलेलं क्वचितच दिसतं. इथे कुणीतरी बसून विचार केला होता की हे पुस्तक किती हातांतून जाणार आहे. एरवी आपल्या खरेदीत सगळ्यात कमी दराचं टेंडर मंजूर होतं आणि दोन वर्षांत मोडणारा बाक स्वस्त ठरतो.

अमेरिकेतही हे आहे बरं का. इलिनॉय राज्यातल्या ईस्टर्न इलिनॉय विद्यापीठात पुस्तकं भाड्याने द्यायची पद्धत थेट १८९९ पासूनची. बाकी ठिकाणी मुलं विकत घेत राहिली, आणि प्रकाशक दर काही वर्षांनी नवी आवृत्ती काढत राहिले, म्हणजे जुनी बाद. तिथल्या संसदेसाठी सरकारी हिशोब तपासणाऱ्या कार्यालयाने २००५ साली दाखवून दिलं की आधीच्या दोन दशकांत कॉलेजच्या पुस्तकांच्या किमती महागाईच्या दुप्पट वेगाने वाढल्या होत्या. त्यानंतर २००७ पासून 'चेग' या कंपनीने इंटरनेटवरून पुस्तकं भाड्याने द्यायचा धंदा केला आणि लोकांना ती मोठी नवी कल्पना वाटली. आमच्या कॉलेजच्या तळघरातल्या जाळीच्या कपाटात ती कधीची होती!

आमचा दर: पुस्तकाच्या किमतीच्या दहा टक्के भाडं आणि पंचवीस रुपये अनामत. ते कॉस्टिंगचं पुस्तक साठ रुपयांचं. म्हणजे वर्षाला सहा रुपये. चिठ्ठीवरची सहा नावं धरली तर सहा मुलांनी मिळून छत्तीस रुपयांत ते वाचलं. विकत घेतलं असतं तर तीनशे साठ. कॉलेजचीही निम्म्याहून अधिक किंमत वसूल, आणि पुस्तक अजून धडधाकट. हिशोब इतका सरळ आहे की पेपरात आला असता तर पूर्ण मार्क मिळाले असते.

पेपरात मात्र वेगळंच झालं. १९९०च्या उन्हाळ्यात माझा नेमका त्याच विषयाचा पेपर राहिला. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं तर पुस्तक हवं. नियमाने ते जूनमध्ये परत करायचं होतं. मी हिशोब केला (कॉस्टिंगचा विद्यार्थी!): अनामत गेली तर पंचवीस रुपये, नवं घेतलं तर साठ. अनामत बुडवलेली परवडते. अभ्यासाला धुळ्याला मावशीकडे जाऊन राहिलो, पास झालो, आणि पुस्तक तिथेच राहिलं.

मनाला पटवायला कारणही चांगलं मिळालं होतं. त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९० ला, पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. (२०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे.) गावात केवढा आनंद! सही-शिक्क्यासाठी पुण्याच्या फेऱ्या संपल्या. मी म्हटलं, आता विद्यापीठ नवं, अभ्यासक्रम नवा, माझ्याकडचं पुस्तक कुणाला लागणार आहे?

ते अर्धवट खरं होतं. नव्या विद्यापीठामुळे एक गोष्ट हळूहळू बदलली जी तेव्हा कुणी बोललं नाही. पुण्याचा अभ्यासक्रम होता तोवर अप्पा बळवंत चौकातलं जुनं पुस्तक जळगावला चालायचं. कुणी पुण्याला निघालं की हातात यादी द्यायची. अभ्यासक्रम वेगळे होत गेले तसा तो मोठा जुना बाजार आमच्यापुरता आटला आणि जळगाव-धुळ्यापुरता (नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होतं, ते १९९८ साली वेगळं झालं) लहानसा राहिला. विद्यापीठ हवंच होतं, याबद्दल दुमत नाही. पण त्याचा असाही एक खर्च झाला आणि तो आमच्याच मुलांनी भरला.

पण अभ्यासक्रम एका ऑगस्टमध्ये बदलत नसतो. त्या वर्षी आमच्या कॉलेजात वर्गात तेच पुस्तक चालू होतं. हे मला धाकट्या भावाने सांगितलं, सहज, जेवताना. त्याच्या वर्गमित्राची बहीण, यावलकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येणारी, तिच्या सेटमध्ये कॉस्टिंगचंच पुस्तक नव्हतं. "कुणीतरी दाबून ठेवलंय," असं खिडकीवरच्या कारकुनाने तिला सांगितलं होतं. भावाला ठाऊक नव्हतं की ते कुणीतरी समोरच वरण-भात खातं आहे. मी काही बोललो नाही. पुस्तक आणायला धुळ्यालाही गेलो नाही. पंचवीस रुपये भरले होते ना!

आज कळतं की ती अनामत पुस्तकाची किंमत नव्हतीच. साठातले पंचवीस भरून मी सातव्या नावाची जागा विकत घेतली असं समजलो, आणि ती विक्रीला नव्हती.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अंमळनेरला शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढत. हस्तलिखिताची प्रत ती एक, वाचणारी अख्खी छात्रालयातली मुलं. एकाने ते दप्तरात घालून घरी नेलं असतं तर? या प्रश्नावर मी उगाच बराच वेळ घालवला.

आता पुन्हा शाळेकडे येतो, कारण तिथे अलीकडे जे झालं ते याच धाग्याचं आहे. सर्व शिक्षा अभियानापासून आणि पुढे शिक्षणहक्क कायद्यानंतर सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना पुस्तकं फुकट मिळू लागली. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी प्राथमिकच्या मुलामागे वर्षाला २५० रुपये आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे ४०० रुपये अशी मर्यादा आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात पुस्तक, हे आमच्या वेळी स्वप्न होतं. माई तर म्हणते की तिच्या तीस वर्षांच्या नोकरीतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. पण त्यामुळे निम्म्या किमतीचा बाजार आठवीपर्यंत तरी संपला. दरवर्षी नवं येतं, जुनं रद्दीत जातं. २०२१ साली, कोविडच्या काळात, शिक्षणखात्याने जुनी पुस्तकं शाळेत परत करण्याचं आवाहन केलं होतं. माईने आपल्या शाळेत ती गोळा केली, आणि मुलांनी इतकी नीट आणून दिली म्हणे, की तिलाच तिच्या गॉगलांची लाज वाटली.

आणि दोनच वर्षांत उलटं पाऊल. मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत प्रत्येक पाठानंतर लिहायला कोरी पानं घातली गेली, 'माझी नोंद' म्हणून, आणि पुस्तकाचे चार भाग केले. केसरकर तेव्हा शिक्षणमंत्री. हेतू वाईट नव्हता. दप्तराचं ओझं कमी व्हावं आणि ज्यांना वह्या परवडत नाहीत त्यांची सोय व्हावी. पण ज्या पुस्तकात मुलाने शाईने लिहायचं *असंच ठरलं आहे* ते पुस्तक दुसऱ्या मुलाचं कसं होणार? कागद वाढला, आणि पुस्तकाचं आयुष्य नियमानेच एक वर्ष झालं. शिवाय मुलं वह्याही नेत राहिली. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये, दादा भुसे मंत्री असताना, कोरी पानं रद्द झाली. आता २०२५-२६ पासून पहिलीपासून अभ्यासक्रम बदलू लागला आहे, म्हणजे पुन्हा काही वर्षं जुनं चालणार नाही. बदल केव्हातरी करावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त बदल ठरवणाऱ्याच्या टेबलावर छपाईच्या दरासोबत 'हे किती वर्षं, किती मुलं वापरतील' असा एक रकाना असावा असं वाटतं. आमच्या बुक बँकेच्या चिठ्ठीवर तो होता.

ते पुस्तक घेऊन मागच्या आठवड्यात कॉलेजात गेलो. तळघरात आता कॉम्प्युटर आहेत. ग्रंथपाल मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी शिक्का पाहिला, चिठ्ठी पाहिली, खूप हसल्या, आणि म्हणाल्या की रजिस्टरच नाही तर जमा कशावर करू? मी म्हटलं, चिठ्ठीवर तारीख तरी टाका. त्यांनी टाकली. मग विचारलं, "सर, चालू सेमिस्टरची काही पुस्तकं घेऊन द्याल का बुक बँकेला? तीन मुली दोन सेटवर चालवताहेत."

यादी आणली आहे. सात पुस्तकं आहेत. नव्या किमती पाहून घाम फुटला, तेव्हा मंडळी, कुणाकडे बी.कॉम.ची गेल्या वर्षीची पुस्तकं असतील तर कळवा. निम्मी किंमत देईन. पेनने लिहिलेलं नसावं.